हॅटिसबर्गच्या कचेरीतलं टेबल : मतदार नोंदणीतल्या वर्णभेदाचा एक खटला

मतदार यादीत नाव घालायला एक माणूस कचेरीत जातो. त्याच्या आधी आलेल्या गोऱ्या तरुणाचं काम काउंटरपलीकडच्या कारकुनानं उभ्या उभ्या उरकून दिलेलं असतं. याची पाळी आली की कारकून म्हणतो, तुमचं आमच्याकडे नाही, साहेबांनाच भेटा. साहेब कुठे आहेत? कामात आहेत. कधी भेटतील? सांगता येत नाही, परत या. माणूस परत जातो आणि पुन्हा तेच ऐकतो. त्याला कोणी 'नाही' म्हटलेलं नसतं. अर्ज फेटाळलाही जात नाही, कारण अर्जाचा कागदच हातात मिळालेला नसतो.

अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट काउंटीत, १९५९ ते १९६१ या काळात, कृष्णवर्णीय नागरिकांना हा अनुभव इतक्या वेळा आला की त्यांच्या साक्षी एकापाठोपाठ एक वाचताना आपण तीच साक्ष पुन्हा वाचतोय असं वाटतं. काउंटीचं मुख्य ठिकाण हॅटिसबर्ग. तिथल्या कोर्टाच्या इमारतीत सर्किट क्लर्कची कचेरी होती, आणि मिसिसिपीत सर्किट क्लर्क हाच मतदार नोंदणी अधिकारी असे. फेब्रुवारी १९५९ पासून त्या खुर्चीवर थेरॉन लिंड होते. त्यांच्यावर अमेरिकेच्या न्यायखात्यानं भरलेला 'युनायटेड स्टेट्स विरुद्ध लिंड' हा खटला मला मतदार हक्कांच्या इतिहासातला सर्वात शिकवणारा खटला वाटतो. सरकार तो जिंकलं, जवळजवळ प्रत्येक पायरीवर जिंकलं, आणि तरीही लोकांची नावं यादीत चढेनात. हे कसं झालं ते नीट समजून घ्यायचं तर त्या टेबलापाशी थोडा वेळ थांबायला हवं.

कायदा काय म्हणत होता

१८७० साली अमेरिकेच्या संविधानात पंधरावी दुरुस्ती आली : वंश, वर्ण किंवा पूर्वीची गुलामी या कारणांवरून कोणाचा मताधिकार नाकारता येणार नाही. त्यानंतर काही काळ मिसिसिपीत कृष्णवर्णीय मतदार मोठ्या संख्येनं होते. मग १८९० साली राज्यानं नवं संविधान केलं. त्यात वर्णाचा उल्लेख कुठेही नव्हता. मतदाराला राज्याच्या संविधानातलं कलम वाचता यावं, किंवा वाचून दाखवलं तर समजावं, एवढंच म्हटलं होतं. समजलं की नाही हे ठरवणार नोंदणी अधिकारी. शिवाय मत द्यायचं तर भरावा लागणारा दोन डॉलरचा वार्षिक मतपट्टी कर होताच. १८९९ उजाडेपर्यंत प्रौढ कृष्णवर्णीय पुरुषांपैकी सुमारे ९ टक्केच यादीत उरले. १८९८ साली हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. न्यायालयानं शब्द पाहिले, शब्दांत भेदभाव सापडला नाही, आणि तक्रार फेटाळली.

१९५४ साली, म्हणजे शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरला त्याच वर्षी, मिसिसिपीनं ही अट आणखी आवळली. 'वाचता येणं किंवा समजणं' याच्या जागी 'वाचणं, लिहिणं आणि अर्थ लावणं' आलं. वर नागरिकाची कर्तव्यं काय, यावर चार ओळी लिहायच्या. आणि १ जानेवारी १९५४ च्या आधी ज्यांची नावं नोंदलेली होती त्यांना या सगळ्यातून सूट.

या सूटीकडे लक्ष द्या, सगळी मेख तिथे आहे. मिसिसिपीत एकदा नोंदलेलं नाव कायमचं राहत असे. बहुतेक गोरे आधीच यादीत होते, बहुतेक कृष्णवर्णीय बाहेर. अशा वेळी दार अरुंद केलं की आतल्याला काहीच होत नाही. बाहेरच्याचाच खांदा अडतो. नियम कागदावर सगळ्यांना सारखा आणि त्याचा भार मात्र एकाच बाजूला.

मिसिसिपीच्या संविधानात २८५ कलमं होती. त्यातलं तिसावं कलम एका ओळीचं : कर्जापायी कोणाला तुरुंगवास होणार नाही. एकशे ब्याऐंशीवं कलम कंपन्यांवर कर बसवण्याच्या राज्याच्या अधिकाराबद्दल आणि कारखान्यांना द्यायच्या करमाफीबद्दल, लांबलचक आणि वकिलालाही दोनदा वाचावं लागेल असं. कोणत्या अर्जदारापुढे कोणतं कलम ठेवायचं हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर. उत्तर बरोबर की चूक तेही त्याच्याच मर्जीवर. कायद्यानं उत्तरपत्रिकेला गुणदानाची कोणतीही पद्धत दिली नव्हती.

आपल्याकडे फॉर्म ६ भरताना नाव, वय, पत्ता आणि कागदपत्रं यापलीकडे काही विचारत नाहीत. भारतीय संविधानाचं कलम ३२५ स्पष्ट सांगतं की धर्म, वंश, जात किंवा लिंग यांवरून कोणालाही मतदार यादीतून वगळता येणार नाही. १९१९ साली साउथबरो समितीसमोर साक्ष देताना डॉ. आंबेडकरांनी दाखवून दिलं होतं की मालमत्तेवर बेतलेला मताधिकार अस्पृश्यांना बाहेरच ठेवतो. अटीचे शब्द कितीही निरागस असोत, ती कोणाला गाळते ते मोजायचं, हा विचार महाराष्ट्राच्या वाचकाला नवा नाही. म्हणूनच हॅटिसबर्गची गोष्ट आपल्याला परकी वाटत नाही.

साबणाचे बुडबुडे

लिंड यांच्या आधी त्या खुर्चीवर ल्यूथर कॉक्स होते. पुढे याच प्रकरणात कॉक्स आडनावाचे एक न्यायाधीशही येतात. दोघांची गल्लत नको. ल्यूथर कॉक्स कृष्णवर्णीय अर्जदाराला विचारत : साबणाच्या एका वडीत किती बुडबुडे असतात? हा प्रश्न आता इतका प्रसिद्ध झाला आहे की कोणालाही ती दंतकथा वाटावी, पण तो त्या काउंटीत खरोखर विचारला जात होता.

१९५० साली काउंटीतल्या काही कृष्णवर्णीय नागरिकांनी कॉक्स यांच्यावर दावा लावला. १९५१ साली पाचव्या सर्किटच्या, म्हणजे मिसिसिपीसह दक्षिणेतल्या काही राज्यांसाठीच्या फेडरल अपील न्यायालयानं सांगितलं की आधी राज्यातल्या निवडणूक आयुक्तांकडे दाद मागा, मग इकडे या. दावा जिवंत ठेवला खरा, पण माणसांना ज्या व्यवस्थेनं बाहेर काढलं होतं त्याच व्यवस्थेच्या दारात परत पाठवलं. वैयक्तिक दाव्यांची ही मर्यादा होती. वकील स्वतः करायचा, खर्च स्वतः सोसायचा, नोकरी जाण्याचा धोका स्वतः पत्करायचा, आणि जिंकलात तरी नाव तुमच्या एकट्याचं लागणार.

१९५७ च्या नागरी हक्क कायद्यानं यात पहिला मोठा बदल केला. मताधिकार डावलला जात असेल तर अमेरिकेचे महान्यायवादी स्वतः दिवाणी दावा लावून मनाई हुकूम मागू शकतील, असा अधिकार मिळाला. १९६० च्या कायद्यानं दप्तराची किल्ली दिली : नोंदणीची कागदपत्रं २२ महिने जपून ठेवली पाहिजेत आणि मागणी झाली की दाखवली पाहिजेत. मिसिसिपीनं त्याच वर्षी उलट कायदा करून नोंदणी अधिकाऱ्यांना अर्ज नष्ट करण्याची मुभा दिली.

ऑगस्ट १९६० मध्ये लिंड यांच्याकडे दप्तराची मागणी गेली. त्यांनी नकार दिला. जानेवारी १९६१ मध्ये दप्तरासाठी दावा दाखल झाला. आणि मग एक गंमत नव्हे, एक साक्षात पुरावाच घडला : ३० जानेवारी १९६१ रोजी लिंड यांच्या कचेरीत कृष्णवर्णीय माणसाला अर्ज भरायला पहिल्यांदा कागद मिळाला. खुर्चीवर बसून जवळपास दोन वर्षं झाली होती. त्या वेळी काउंटीत २२,४३१ प्रौढ गोरे होते आणि ७,४९५ प्रौढ कृष्णवर्णीय. म्हणजे दर चार प्रौढांत एक कृष्णवर्णीय. आणि मतदार यादीत त्यांची संख्या दोन आकड्यांपलीकडे गेलेली नव्हती.

सोळा माणसं

जुलै १९६१ मध्ये भेदभावाचा मुख्य दावा दाखल झाला. तो चालवायला न्यायखात्याच्या नागरी हक्क विभागाचे जॉन डोअर स्वतः उतरले. डोअर मूळचे विस्कॉन्सिनचे. कार्यालयात बसून निवेदनं गोळा करण्यापेक्षा साध्या कपड्यांत गाडी काढून, मातीचे रस्ते तुडवून, साक्षीदारांच्या ओसरीवर जाऊन बसण्याची त्यांची पद्धत होती. दप्तर हातात नसल्यामुळे दुसरा इलाजही नव्हता. कागद बोलू देत नाहीत, तर माणसांनी बोलायचं.

बोलायला कोण तयार होणार? गोऱ्यांच्या मालकीच्या गावात, गोऱ्यांच्या पगारावर जगणारा माणूस सरकारी साक्षीदार म्हणून उभा राहिला तर दुसऱ्या दिवशी काम, कर्ज, घरभाडं सगळ्यावर गदा येऊ शकत होती. तरीही ५ ते ७ मार्च १९६२ या तीन दिवसांत सोळा कृष्णवर्णीय साक्षीदार उभे राहिले. त्यात धर्मोपदेशक होते, शेतकरी होते, हर्क्युलस पावडर कंपनीच्या कारखान्यात राबणारे कामगार होते, आणि शाळामास्तर होते.

या शिक्षकांच्या साक्षी वाचताना मन थांबतं. एक विज्ञान शिक्षक. राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानची शिष्यवृत्ती मिळवून कॉर्नेल विद्यापीठात पुढचं शिक्षण घेणारा माणूस. हा माणूस मिसिसिपीच्या संविधानाचं एक कलम समजण्यास अपात्र ठरला. ज्यांची आयुष्यं मुलांच्या उत्तरपत्रिका तपासण्यात गेली, त्यांना परीक्षेत नापास करण्यात आलं, आणि चूक काय झाली हे विचारलं तर सांगायचं नाही अशी रीत. (पुढे १९६२ साली राज्यानं या रीतीचा कायदाच केला : नापासाचं कारण सांगणं म्हणजे अर्जदाराला मदत करणं, सबब सांगता येणार नाही. त्याच वेळी दुसरा नियम आला की अर्जदाराचं नाव दोन आठवडे स्थानिक वर्तमानपत्रात छापायचं. कोणी धाडस केलं ते मालकाला, घरमालकाला आणि कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या दहशतवादी संघटनेला घरबसल्या कळावं.)

डोअर यांनी मग दुसऱ्या बाजूनं गोरे साक्षीदार उभे केले. खटल्याचा खरा कणा हाच. एकट्या कृष्णवर्णीय अर्जदाराची हकिगत सांगितली असती तर लिंड म्हणू शकले असते की हा माणूस खरंच नापास झाला. पण गोऱ्या साक्षीदारांनी शपथेवर सांगितलं की आम्ही गेलो, काउंटरवरच्या कारकुनानं सही घेतली, झालं. कलम? कोणी विचारलं नाही. अर्थ? लावला नाही. कृष्णवर्णीयांसाठी मात्र कारकुनांना मनाई. तिथे लिंड स्वतःच हवेत, आणि लिंड जागेवर नसत. वागणुकीतला फरक सिद्ध करायला दोन्ही रांगा शेजारी शेजारी उभ्या कराव्या लागतात, आणि डोअर यांनी नेमकं तेच केलं. भेदभावाचे खटले चालवणाऱ्या कोणालाही मी हा भाग पुन्हा पुन्हा वाचायला सांगेन. अधिकाऱ्याच्या मनात काय होतं ते शोधत बसण्याची गरज उरत नाही.

न्यायाधीशाचं मौन

खटला हॅरल्ड कॉक्स यांच्यासमोर होता. मिसिसिपीचे सिनेटर जेम्स ईस्टलंड हे सिनेटच्या न्यायव्यवहार समितीचे अध्यक्ष, आणि कॉक्स त्यांचे महाविद्यालयातले खोलीमित्र. १९६१ साली अध्यक्ष केनेडी यांनी त्यांची फेडरल जिल्हा न्यायाधीश म्हणून नेमणूक केली. म्हणजे ज्या सरकारचे महान्यायवादी रॉबर्ट केनेडी हॅटिसबर्गचा हा खटला लढवत होते, त्याच सरकारनं नेमलेला माणूस त्या खटल्याच्या आड उभा होता. हे कॉक्स कोणत्या नजरेनं पाहत याची शंका राहू नये म्हणून एवढंच सांगतो : १९६४ साली दुसऱ्या एका नोंदणी प्रकरणाच्या सुनावणीत त्यांनी भर कोर्टात नोंदणीसाठी आलेल्या कृष्णवर्णीयांची चिंपांझींशी तुलना केली.

लिंड प्रकरणात त्यांनी सरकारविरुद्ध निकाल दिला नाही. दिला असता तर लगेच अपील करता आलं असतं. त्यांनी निकालच दिला नाही. सरकारचा पुरावा संपला, लिंड यांच्या वकिलांना तयारीसाठी मुदत मिळाली, आणि दरम्यानच्या काळात तातडीचा हुकूम द्यायलाही न्यायाधीशांनी नकार दिला. ज्यांनी आपल्याकडच्या कोर्टांत 'पुढची तारीख' ऐकत वर्षं काढली आहेत त्यांना याचा अर्थ समजावून सांगायला नको. निवडणुकीची तारीख कोणासाठी थांबत नाही. कोर्टाची तारीख मात्र पुढे सरकू शकते. हरणाऱ्या बाजूला जिंकण्याची गरजच नव्हती, नुसतं खेचत राहणं पुरेसं होतं.

न्यायखातं थेट पाचव्या सर्किटकडे गेलं. मुख्य न्यायाधीश एल्बर्ट टटल यांच्या पीठानं १० एप्रिल १९६२ रोजी, खालच्या न्यायालयाचा निकाल न येताच, अपील प्रलंबित असेपर्यंतचा मनाई हुकूम स्वतःच्या अधिकारात दिला. ही साधी गोष्ट नव्हती. अपील न्यायालय सहसा झालेल्या निकालाची चूक दुरुस्त करतं. इथे त्यानं निकाल न देण्यालाच नकार मानलं. कृष्णवर्णीय अर्जदारांचं काम मदतनिसांनीही करायचं, गोऱ्यांना एक आणि इतरांना दुसरी कसोटी लावायची नाही, असं लिंड यांना बजावलं. त्याच वर्षी जुलैमध्ये दप्तराच्या बाबतीतही पाचव्या सर्किटनं सरकारच्या बाजूनं कौल दिला.

लिंड यांनी हुकूम मानला नाही. लोक येत राहिले, नापास होत राहिले. सप्टेंबर १९६२ मध्ये अपील न्यायालयाचे तीन न्यायाधीश स्वतः हॅटिसबर्गमध्ये येऊन अवमानाची सुनावणी घ्यायला बसले. त्याच महिन्यात, त्याच राज्यात, जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला मिसिसिपी विद्यापीठात प्रवेश मिळवून द्यायला सैन्य उतरवावं लागलं. १५ जुलै १९६३ रोजी न्यायालयानं लिंड यांना दिवाणी अवमानाबद्दल दोषी ठरवलं आणि ४३ कृष्णवर्णीयांची नावं नोंदवण्याचा आदेश दिला. ६ जानेवारी १९६४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं त्यांचा अर्ज दाखल करून घ्यायला नकार दिला.

दप्तराच्या पहिल्या मागणीपासून हे सगळं व्हायला साडेतीन वर्षं गेली. हाती आली त्रेचाळीस नावं. बाहेर राहिले सात हजारांवर.

कोर्टाबाहेरची किंमत

एका माणसाबद्दल सांगितल्याशिवाय हे प्रकरण पुरं होत नाही. क्लाइड केनार्ड. फॉरेस्ट काउंटीतले, सैन्यातून परतलेले, कोंबड्या पाळून शेती करणारे. त्यांना मतदार नोंदणी करायची होती आणि गावातल्याच गोऱ्यांच्या मिसिसिपी सदर्न कॉलेजात शिकायचं होतं. सप्टेंबर १९६० मध्ये त्यांच्यावर २५ डॉलर किमतीचं कोंबड्यांचं खाद्य चोरवल्याचा आरोप आला. सगळ्या गोऱ्या ज्यूरीनं काही मिनिटांत दोषी ठरवलं, आणि सात वर्षांची शिक्षा झाली. पार्चमनच्या तुरुंगशेतावर त्यांना कर्करोगानं गाठलं. १९६३ च्या सुरुवातीला सोडलं तेव्हा फार उशीर झाला होता. ४ जुलै १९६३ रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, ते गेले. २००६ साली त्याच काउंटीच्या न्यायालयानं त्यांना निर्दोष जाहीर केलं.

ज्यूरी सगळी गोरी का होती? मिसिसिपीत ज्यूरीवर बसायला पात्र मतदार असावं लागे. लिंड यांच्या टेबलावर अडलेला अर्ज केनार्ड यांच्या खटल्यात असा पोहोचला होता. मतदार यादी म्हणजे फक्त निवडणुकीच्या दिवसाचा कागद, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हा दुवा मी मुद्दाम लिहितो.

२२ जानेवारी १९६४. सर्वोच्च न्यायालयाचा नकार येऊन दोन आठवडे झाले होते. हॅटिसबर्गमध्ये 'फ्रीडम डे' ठरला. पाऊस पडत होता. कोर्टाच्या इमारतीभोवती फलक घेऊन लोक गोल फिरत होते. उत्तरेकडून आलेले पन्नासेक धर्मोपदेशकही त्यात होते. नागरी हक्क चळवळीतल्या फॅनी लू हेमर होत्या, एला बेकर होत्या, बॉब मोझेस होते. पोलिसांनी पांगण्याचा इशारा दिला. कोणी पांगलं नाही. मोझेस यांना अटक झाली, पण घोळक्याची सरसकट धरपकड झाली नाही, आणि मिसिसिपीच्या त्या काळात ही नवलाची गोष्ट होती. पायऱ्यांवर कृष्णवर्णीय नागरिकांची रांग लागली. लिंड यांनी त्यांना आत घेतलं, एका वेळी चार. चौघांचं आवरेपर्यंत बाकीचे पावसात. सर्वोच्च न्यायालयात हरूनही टेबलाची चाल टेबलाकडेच राहिली होती.

एक-एक करून पुरत नाही

न्यायखात्याला हे आधीच उमगलं होतं. ऑगस्ट १९६२ मध्ये त्यांनी मिसिसिपी राज्यावरच दावा लावला : भेदभाव एखाद्या क्लर्कचा नाही, १८९० पासूनची सगळी रचनाच त्यासाठी उभारली आहे. जिल्हा पातळीवर तीन न्यायाधीशांच्या पीठानं तो बहुमतानं फेटाळला. सर्वोच्च न्यायालयानं ८ मार्च १९६५ रोजी तो निर्णय फिरवला आणि खटला चालवायला सांगितलं. आदल्याच दिवशी अलाबामातल्या सेल्मा इथे मताधिकारासाठी निघालेल्या मोर्च्यावर पोलीस घोड्यांसकट तुटून पडले होते. ८ मार्चलाच लुइझियाना राज्याच्या अशाच परीक्षेविरुद्धचा निकालही आला. दोन्ही निकाल न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी लिहिले, जे स्वतः अलाबामाचे. लुइझियानाच्या निकालात त्यांनी म्हटलं की ही परीक्षा नाही, सापळा आहे.

मधल्या काळात पाचव्या सर्किटनं एक मोलाचा विचार पुढे आणला होता. १९६४ साली मिसिसिपीतल्याच पॅनोला काउंटीच्या प्रकरणात न्यायालयानं सांगितलं की गोऱ्यांना वर्षानुवर्षं ज्या सैल कसोटीनं घेतलंत, तीच कसोटी आता कृष्णवर्णीयांना ठरावीक काळ लावा. आजपासून सगळ्यांना कडक नियम, हे ऐकायला न्याय्य वाटतं. पण त्यानं जुना अन्याय गोठून जागच्या जागी राहतो. वर मी ज्या सूटीकडे बोट दाखवलं, तिच्यावरचा हा उतारा होता.

तरीही प्रत्येक काउंटीसाठी वेगळा खटला, वेगळे साक्षीदार, वेगळं दप्तर. मार्च १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश अर्ल वॉरन यांनी १९६५ चा मताधिकार कायदा वैध ठरवताना याचा हिशेब मांडला : एका नोंदणी खटल्याच्या तयारीत नुसती दप्तरं चाळायला कधी कधी सहा हजार मनुष्यतास लागत. आणि फळ? मिसिसिपीत कृष्णवर्णीयांच्या नोंदणीचं प्रमाण १९५४ मध्ये ४.४ टक्के होतं, १९६४ मध्ये ६.४. दहा वर्षांत दोन टक्के.

६ ऑगस्ट १९६५ रोजी सही झालेल्या मताधिकार कायद्यानं पाटी उलटी धरली. अशा राज्यांतल्या वाचन-लेखनाच्या परीक्षा सरळ स्थगित. गरज पडेल तिथे फेडरल अधिकारी स्वतः जाऊन नावं नोंदवणार. आणि मतदानाचा कोणताही नवा नियम आणायचा तर राज्यानं आधी वॉशिंग्टनला सिद्ध करायचं की यात भेदभाव नाही. सोळा माणसांनी साक्ष देऊन जे पटवायचं, ते आता खुर्चीवरच्या माणसानं पटवायचं. १९६७ पर्यंत मिसिसिपीतलं प्रमाण ५९.८ टक्क्यांवर गेलं. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या शेल्बी काउंटी प्रकरणातल्या निकालानं पूर्वपरवानगी कोणत्या राज्यांना लागू ते ठरवणारं सूत्र रद्द केलं, आणि पुराव्याचा भार पुष्कळसा पुन्हा मतदाराच्या खांद्यावर आला. माझ्या मते हा निर्णय चुकीचा होता, आणि तो चुकीचा का, हे लिंड प्रकरणाच्या दप्तरात तारीखवार लिहिलेलं आहे.

हॅटिसबर्गच्या उत्तरेला केली सेटलमेंटमध्ये व्हर्नन डाहमर यांची शेती, लाकडाची गिरणी आणि किराणा दुकान होतं. १९६२ मध्ये नोंदणीचं काम करायला आलेले दोन तरुण कार्यकर्ते त्यांच्याकडेच राहिले, गिरणीत राबले. कायदा झाल्यावर परीक्षा गेली होती, पण राज्याच्या निवडणुकांसाठी मतपट्टी कर अजून होता. जानेवारी १९६६ मध्ये डाहमर यांनी रेडिओवरून सांगितलं की लोकांनी कर भरायला माझ्या दुकानात यावं. ज्याच्याकडे पैसे नसतील त्याचे मी भरीन. १० जानेवारीच्या पहाटे क्लॅनच्या लोकांनी घरावर पेट्रोल फेकून आग लावली. बायको-मुलं मागच्या बाजूनं निसटेपर्यंत डाहमर पुढून बंदूक चालवत राहिले. धुरानं आणि ज्वाळांनी फुप्फुसं भाजली होती. त्याच दिवशी ते गेले. अडीच महिन्यांनी सर्वोच्च न्यायालयानं राज्यांच्या निवडणुकांतला तो करही घटनाबाह्य ठरवला.

त्यांचे चार मुलगे तेव्हा अमेरिकेच्या सैन्यदलांत होते. गणवेशातच घरी आले आणि जळालेल्या घराच्या राखेत उभे राहिले. त्यांचा तसा फोटो आहे. हल्ल्याचा सूत्रधार सॅम बॉवर्स १९९८ मध्ये दोषी ठरला. आणि जानेवारी २०२० मध्ये हॅटिसबर्गमध्ये, फॉरेस्ट काउंटीच्या कोर्टासमोर, व्हर्नन डाहमर यांचा पुतळा उभा राहिला.